डेस्कटॉपवर चित्ररूप लॉगिन स्क्रीन बसवताना

लिनक्सची किमान स्थापना केलेला संगणक सुरू केला, की काळ्या पडद्यावर यंत्राचे नाव, त्यापुढे लॉगिनची सूचना आणि लुकलुकणारा कर्सर एवढेच दिसते. तेथे नाव आणि पासवर्ड टाइप करून ‘स्टार्टएक्स’ ही आज्ञा दिली की डेस्कटॉप उघडतो. एकट्याने वापरायच्या यंत्रावर अनेक जण वर्षानुवर्षे तेवढ्यावर समाधानी असतात आणि त्यात वावगे काही नाही. परंतु तेच यंत्र दोन-तीन माणसे वापरणार असतील, त्यांपैकी कोणाला आज्ञा लिहिण्याची सवय नसेल, किंवा एकाच यंत्रावर दोन वेगळे डेस्कटॉप ठेवून दर वेळी त्यांतला एक निवडायचा असेल, तर चित्ररूप लॉगिन स्क्रीन बसवणे सोयीचे ठरते. हे काम मी स्वतःच्या आणि परिचितांच्या यंत्रांवर बऱ्याचदा केले आहे, आणि दर वेळी एकच गोष्ट पाहण्यात येते: वेळ सगळा पार्श्वभूमी, घड्याळ आणि नावाभोवतीची गोल चौकट यांवर खर्च होतो, आणि अडचण येते ती भलत्याच ठिकाणी. हा पडदा दिसण्याआधी काय सुरू झालेले असावे लागते, आणि पासवर्ड जुळल्यानंतर तो कोणाच्या हाती काय सोपवतो, हे दोन प्रश्न आधी समजून घेतले तर बाकीचे काम लवकर उरकते. पुढे आज्ञांची आणि फाइलींची नावे उच्चारानुसार देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलमध्ये ती अर्थातच रोमन लिपीत टाइप करायची आहेत.

ज्या प्रोग्रॅममुळे हा पडदा दिसतो त्याला डिस्प्ले मॅनेजर म्हणतात. पडदा दाखवणे हे त्याच्या कामांपैकी एकच काम आहे. तो आधी चित्ररूप सर्व्हर सुरू करतो, नाव आणि पासवर्ड विचारतो, तो पासवर्ड पडताळून घेतो, वापरकर्त्याच्या नावाने सेशन (लॉगिनपासून लॉगआउटपर्यंतचे काम) सुरू करतो, आणि ते सेशन संपले की सगळे आवरून पुन्हा पहिल्या पडद्यावर येतो. ही कल्पना जुनी आहे. पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या एक्स विंडो सिस्टमची अकरावी आवृत्ती १९८७ साली आली आणि पुढच्याच वर्षी, १९८८ मध्ये, तिच्यासोबत एक्सडीएम हा पहिला डिस्प्ले मॅनेजर मिळू लागला. त्या काळी एका मोठ्या यंत्राला अनेक एक्स टर्मिनले, म्हणजे केवळ पडदा, कीबोर्ड आणि माउस पुरवणारी यंत्रे, जोडलेली असत आणि त्या प्रत्येकावर लॉगिनची चौकट दाखवणे हे एक्सडीएमचे मुख्य काम होते. त्यासाठी एक्सडीएमसीपी नावाचा प्रोटोकॉल होता, आणि तो यूडीपीच्या १७७ क्रमांकाच्या पोर्टवर चालत असे. त्यात माहिती सांकेतिक केलेली नसते, त्यामुळे आज तो चालू ठेवण्याचे कारण घरच्या किंवा कार्यालयातल्या साध्या यंत्रावर उरलेले नाही. जुन्या मार्गदर्शिका वाचून कोणी तो चालू करत असेल तर तो मोह टाळावा.

आजच्या डिस्प्ले मॅनेजरचे दोन भाग असतात, आणि ही फोड नीट ध्यानात घेतली तर निम्मी कोडी आपोआप सुटतात. एक भाग रूटच्या, म्हणजे यंत्रावरच्या सर्वाधिकारी खात्याच्या, अधिकाराने पडद्याआड चालणारा डीमन असतो. दुसरा भाग म्हणजे ग्रीटर, जो आपल्याला दिसतो. वाड्याच्या देवडीवरचा माणूस जसा आलेल्याचे नाव विचारून आत वर्दी देतो आणि आत सोडायचे की नाही हे स्वतः ठरवत नाही, तसे ग्रीटरचे असते: तो पासवर्ड घेतो, डीमनकडे देतो, आणि डीमन पॅमकडून त्याची खातरजमा करून घेतो. पॅम ही पडताळणीची व्यवस्था सन मायक्रोसिस्टिम्सने १९९५ साली मांडली. पासवर्ड असो, बोटाचा ठसा असो की स्मार्ट कार्ड असो, ते तपासण्याचे नियम इटीसी फोल्डरातल्या ‘पॅम डॉट डी’ या उपफोल्डरात लिहिलेले असतात, आणि प्रत्येक डिस्प्ले मॅनेजरची तेथे स्वतंत्र फाइल असते. म्हणूनच मजकुराच्या कन्सोलवर (सुरुवातीला सांगितलेल्या काळ्या पडद्यावर) चालणारा पासवर्ड चित्ररूप पडद्यावर नाकारला गेला, तर पहिल्यांदा कीबोर्डची रचना आणि लगेच नंतर ही फाइल पाहावी.

ग्रीटर हा बहुतेक ठिकाणी अगदी मर्यादित अधिकार असलेला एक स्वतंत्र वापरकर्ता म्हणून चालतो. लाइटडीएम, एसडीडीएम आणि जीडीएम हे आजचे तीन प्रमुख डिस्प्ले मॅनेजर; त्यांपैकी लाइटडीएमचा ग्रीटर ‘लाइटडीएम’ या नावाने, एसडीडीएमचा ‘एसडीडीएम’ या नावाने, तर जीडीएमचा ‘जीडीएम’ किंवा तत्सम नावाने. सुरक्षेच्या दृष्टीने हे उत्तमच आहे, पण त्याचे परिणाम नवख्या माणसाला चक्रावून टाकतात. आपल्या होम फोल्डरातले सुरेख छायाचित्र पार्श्वभूमी म्हणून दिले तरी पडदा काळाच राहतो, कारण होम फोल्डर परक्या वापरकर्त्याला वाचता येत नाही. उबंटूने तर २१.०४ या आवृत्तीपासून नव्या होम फोल्डरांच्या परवानग्या मुळातच ७५० केल्या आहेत, म्हणजे मालक आणि त्याचा गट सोडून इतरांना आत डोकावता येत नाही. अशा वेळी होम फोल्डर सर्वांना उघडे करू नये. चित्राची प्रत यूएसआर-शेअरमधल्या ‘बॅकग्राउंड्स’ या फोल्डरात ठेवावी. फॉन्टचेही तसेच आहे. वापरकर्त्याचे पूर्ण नाव देवनागरीत नोंदवले, आणि देवनागरी फॉन्ट केवळ आपल्या होम फोल्डरात बसवला असेल, तर डेस्कटॉपवर ते नाव नीट दिसते आणि लॉगिन स्क्रीनवर मात्र रिकामे चौकोन उमटतात. तो फॉन्ट सगळ्या यंत्रासाठी बसवला की चौकोन जातात. स्क्रीनवरच्या अक्षरांचा आकार, माउसचा वेग, दोन मॉनिटरांची मांडणी या सगळ्यांबाबत हाच नियम लागू होतो: आपण आपल्या खात्यात केलेल्या निवडी ग्रीटरला ठाऊक नसतात, त्या त्याला वेगळ्या सांगाव्या लागतात.

कोणता डिस्प्ले मॅनेजर निवडावा, यावर वाद घालण्याइतका फरक सामान्य वापरात जाणवत नाही. नोम हा डेस्कटॉप वापरत असाल तर जीडीएम घ्यावा, कारण त्याचा ग्रीटर म्हणजे नोम शेलच असतो आणि पडद्याला कुलूप लावण्याची सोयही त्याच्याशी जोडलेली असते. नोम नसलेल्या यंत्रावर तो बसवला तर नोमचा बराच पसारा सोबत येतो. केडीई प्लाझ्मा या डेस्कटॉपसाठी एसडीडीएम ही रुळलेली जोडी आहे. केडीईचा जुना केडीएम पाचव्या प्लाझ्माच्या वेळी मागे पडला आणि त्याची जागा क्यूएमएल या भाषेत थीम लिहिण्याची मोकळीक देणाऱ्या एसडीडीएमने घेतली. एक्सएफसीई, मेट यांसारख्या हलक्या डेस्कटॉपांसाठी माझी पसंती लाइटडीएमला आहे. त्याचा डीमन एक आणि ग्रीटर अनेक अशी रचना असल्यामुळे ग्रीटर आवडला नाही तर तेवढाच बदलता येतो. उबंटूने ११.१० या आवृत्तीत तो स्वीकारला आणि १७.१० मध्ये नोमकडे परतताना पुन्हा जीडीएम घेतला. तरीही लाइटडीएम आजही अनेक डिस्ट्रोंमध्ये (लिनक्सच्या वेगवेगळ्या वितरणांत) वापरात आहे. याच विचाराचे अधिक काटेकोर रूप ग्रीटडी या डिस्प्ले मॅनेजरमध्ये दिसते: त्याचा डीमन अगदी छोटा आहे, ग्रीटरशी तो सॉकेटवरून जेसन स्वरूपात बोलतो, आणि ग्रीटर मजकुराचा असो वा चित्राचा, त्याला फरक पडत नाही. कॉस्मिक डेस्कटॉपचा ग्रीटर याच पायावर उभा आहे. जुन्या लेखांत स्लिम नावाच्या एका सुटसुटीत डिस्प्ले मॅनेजरची शिफारस आढळते. त्याचा विकास कधीच थांबलेला आहे, तेव्हा त्या वाटेला जाऊ नये.

प्रत्यक्ष बसवणे हा सर्वांत छोटा भाग. पॅकेज मॅनेजरमधून डिस्प्ले मॅनेजर आणि त्याचा ग्रीटर अशी दोन्ही पॅकेजे घ्यावी लागतात. लाइटडीएमच्या बाबतीत काही डिस्ट्रोंमध्ये ग्रीटर आपोआप येत नाही. डीमन एकटाच बसला तर तो सुरू होतो आणि दाखवायला काहीच नसल्याने लगेच बंद पडतो. पॅकेज बसवल्यानंतर घाईघाईने ‘सिस्टमसीटीएल इनेबल’ करून यंत्र पुन्हा सुरू करण्याची सवय मला चुकीची वाटते. त्याऐवजी कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून मजकुराच्या कन्सोलवर जावे, तेथे लॉगिन करून ठेवावे, आणि ‘सिस्टमसीटीएल स्टार्ट’ या आज्ञेने डिस्प्ले मॅनेजर फक्त एकदा चालवून पाहावा. पडदा आला, लॉगिन झाले, लॉगआउट केल्यावर पुन्हा पडदा आला, एवढे पाहिल्यानंतरच ‘इनेबल’ करावे. जवळ दुसरा संगणक असेल तर तेथून एसएसएचने (नेटवर्कवरून आज्ञा देण्याच्या सोयीने) आधीच जोडून ठेवणे अधिक चांगले, कारण ग्राफिक्सचा ड्रायव्हर अडकला तर कधीकधी कन्सोल बदलण्याची कळही काम करत नाही.

‘इनेबल’ केल्याने नेमके काय होते तेही पाहण्यासारखे आहे. बूटपासून यंत्रातल्या सेवा सुरू-बंद करणाऱ्या सिस्टमडी या प्रोग्रॅममध्ये ‘डिस्प्ले-मॅनेजर डॉट सर्व्हिस’ हे एक टोपणनाव आहे, आणि ज्याला आपण इनेबल करतो त्या सर्व्हिसकडे या टोपणनावाची लिंक वळवली जाते. टोपणनाव एकच असल्याने एका वेळी एकच डिस्प्ले मॅनेजर इनेबल राहू शकतो. दुसरा इनेबल करू गेल्यास फाइल आधीच अस्तित्वात असल्याची तक्रार येते. अशा वेळी जुना आधी ‘डिसेबल’ करावा. डेबियन आणि तिच्या वंशातल्या डिस्ट्रोंमध्ये याशिवाय इटीसी-एक्स११ मध्ये ‘डिफॉल्ट-डिस्प्ले-मॅनेजर’ नावाची एका ओळीची फाइल असते, आणि दोन्ही ठिकाणी वेगवेगळी नावे राहिली तर घोळ होतो. तेथे ‘डीपीकेजी-रीकॉन्फिगर’ वापरून निवड केली की दोन्ही नोंदी एकदम बदलतात. आणखी एक अट आहे. बूट होताना यंत्र ‘ग्राफिकल’ टार्गेटपर्यंत (चित्ररूप पडद्याच्या टप्प्यापर्यंत) जाते की त्याआधीच्या, मजकुराच्या लॉगिनच्या ‘मल्टी-यूजर’ टार्गेटवरच थांबते, हे वेगळे ठरलेले असते. किमान स्थापनेत बऱ्याचदा दुसरे असते, आणि मग डिस्प्ले मॅनेजर इनेबल असूनही बूटनंतर काळा पडदाच दिसतो. ‘सिस्टमसीटीएल सेट-डिफॉल्ट’ला ‘ग्राफिकल’ टार्गेटचे नाव दिले की हे जुळते. रेड हॅटच्या जुन्या आवृत्त्या वापरलेल्यांना यात रनलेव्हल ३ आणि ५ यांची आठवण होईल, आणि ती योग्यच आहे.

आता अडचणींकडे वळतो. पहिली अडचण पडदाच न येण्याची. आधुनिक यंत्रे एसएसडीमुळे इतक्या वेगाने बूट होतात, की डिस्प्ले मॅनेजर सुरू होतो तेव्हा ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, पूर्ण बसलेला नसतो. डिस्प्ले मॅनेजर प्रयत्न करतो, अपयशी ठरतो, सिस्टमडी त्याला पुन्हा सुरू करते, आणि ठरावीक प्रयत्नांनंतर नाद सोडते. मुळात ही मर्यादा १० सेकंदांत ५ प्रयत्न अशी आहे. गंमत अशी, की कन्सोलवर जाऊन हाताने ‘स्टार्ट’ केले तर सगळे व्यवस्थित चालते, कारण तोवर ड्रायव्हर तयार झालेला असतो. लक्षण असे असेल तर डिस्प्ले मॅनेजर बदलण्यात अर्थ नाही. ड्रायव्हरचे मॉड्यूल इनिटरॅमएफएसमध्ये (बूटच्या आरंभी मेमरीत चढणाऱ्या छोट्या फाइल-संचात) घालून ते बूटच्या सुरुवातीलाच चढेल असे करणे, हा खरा उपाय. एनव्हिडियाच्या ड्रायव्हरसाठी कर्नलला ‘एनव्हिडिया-डीआरएम मोडसेट’ हा पर्याय १ असा देण्याची गरज पडू शकते. लाइटडीएमच्या सेटिंगमध्ये ‘लॉगिनडी-चेक-ग्राफिकल’ नावाची एक ओळ आहे; ती ‘ट्रू’ केली की सिस्टमडीकडून ग्राफिक्स तयार असल्याचा होकार मिळेपर्यंत तो थांबतो. काही जण सर्व्हिसच्या फाइलीत ‘स्लीप’ घालून दोन-चार सेकंद वाट पाहायला लावतात. ते चालते, पण कारण तसेच राहते आणि कधीतरी त्या सेकंदांना न जुमानणारा दिवस उगवतो.

दुसरी अडचण अधिक त्रासदायक. पडदा येतो, पासवर्ड स्वीकारला जातो, क्षणभर अंधार होतो आणि पुन्हा तोच लॉगिनचा पडदा समोर उभा राहतो. चूक झाल्याचा संदेश नाही, काही नाही. पासवर्ड चुकला असता तर ग्रीटरने तसे सांगितले असते. म्हणजे पडताळणी झाली, सेशन सुरू झाले आणि सुरू होताक्षणी कोसळले. डिस्प्ले मॅनेजरच्या दृष्टीने ते सेशन संपले, म्हणून तो नेहमीप्रमाणे आपल्या पहिल्या पडद्यावर आला. त्याने आपले काम चोख केलेले असते, त्यामुळे तो काढून दुसरा बसवण्याची सर्रास दिली जाणारी सूचना येथे बहुतेकदा फुकट जाते.

सेशन कोसळण्याची कारणे थोडीच आहेत. कोणी पूर्वी रूटच्या अधिकाराने ‘स्टार्टएक्स’ चालवले असेल तर होम फोल्डरातल्या ‘एक्सऑथॉरिटी’ या लपलेल्या फाइलीची मालकी रूटकडे गेलेली असू शकते. या फाइलीत एक्स सर्व्हरशी जोडणी करण्याची १२८ बिटांची किल्ली लिहिली जाते, आणि ती लिहिताच आली नाही तर पुढचे सगळे अडते. मालकी परत करावी किंवा फाइल सरळ पुसावी. ती नव्याने तयार होते. दुसरे कारण म्हणजे डिस्क भरलेली असणे. होम विभाग गच्च भरला तरी ग्रीटर ऐटीत दिसतो, कारण त्याच्या फाइली दुसरीकडे असतात. शिवाय एक्सटी४ फाइल सिस्टम मुळातच ५ टक्के जागा रूटसाठी राखून ठेवते, म्हणून रूटचे डीमनही चालू राहतात. वापरकर्त्याच्या सेशनला मात्र एक साधी तात्पुरती फाइलही लिहिता येत नाही. मजकुराच्या कन्सोलवर जाऊन ‘डीएफ’ ही आज्ञा दिली की हे एका नजरेत कळते. तिसरे कारण वापरकर्त्याच्या ‘प्रोफाइल’ किंवा ‘एक्सप्रोफाइल’ या फाइलींतल्या ओळी. लाइटडीएम आणि एसडीडीएम सेशन सुरू करताना या फाइली वाचतात, आणि त्यांत कोणी ‘एक्झिट’ किंवा ‘एक्झेक’ लिहून ठेवले असेल तर सेशन तेथेच आटोपते. परीक्षेसाठी एक नवे कोरे खाते उघडून त्यातून लॉगिन करून पाहावे. ते चालले तर दोष जुन्या खात्याच्या होम फोल्डरात आहे, तेही चालले नाही तर दोष यंत्रभर आहे. ही एक तपासणी बाकीचे बरेच तर्क वाचवते.

नोंदी कोठे पाहायच्या हेही येथेच सांगतो. ‘जर्नलसीटीएल’ला ‘डिस्प्ले-मॅनेजर’ या टोपणनावाची सर्व्हिस आणि चालू बूटचा पर्याय दिला की डीमनची बाजू कळते. लाइटडीएम व्हार-लॉगमध्ये स्वतःचा फोल्डर ठेवतो. सेशनची बाजू मात्र वापरकर्त्याच्या होम फोल्डरात असते: लाइटडीएममध्ये ‘एक्ससेशन-एरर्स’ ही लपलेली फाइल, तर एसडीडीएममध्ये ‘लोकल-शेअर’खालचा त्याचा फोल्डर. लॉगिनच्या चक्रात अडकलेली बहुतेक माणसे पहिल्या नोंदी तासन्‌तास वाचत बसतात आणि उत्तर दुसऱ्या फाइलीच्या शेवटच्या पाच ओळींत असते.

सेशन निवडण्याची यादी कोठून येते, हा प्रश्न त्यामानाने सोपा आहे. यूएसआर-शेअरमध्ये ‘एक्ससेशन्स’ आणि ‘वेलँड-सेशन्स’ असे दोन फोल्डर असतात (वेलँड ही एक्सची जागा घेणारी नवी व्यवस्था); त्यांतली प्रत्येक ‘डेस्कटॉप’ फाइल म्हणजे यादीतले एक नाव. फाइलीत ‘नेम’च्या पुढे दिसणारे नाव आणि ‘एक्झेक’च्या पुढे चालवायची आज्ञा असते. आपल्या आवडीचा विंडो मॅनेजर यादीत नसेल तर चार ओळींची फाइल लिहून तो आणता येतो. एक डेस्कटॉप काढून दुसरा बसवला असेल तर मात्र सावध असावे: डिस्प्ले मॅनेजर प्रत्येक वापरकर्त्याचे शेवटचे सेशन लक्षात ठेवतो, आणि ते आता यंत्रावर नसले तरी तेच उघडण्याचा प्रयत्न होऊ शकतो. यादीतून एकदा नवे नाव स्वतः निवडले की काम भागते.

कीबोर्डच्या रचनेकडे मराठी लिहिणाऱ्यांनी विशेष लक्ष द्यावे. इनस्क्रिप्टसारखी देवनागरी रचना यंत्रभर पहिल्या क्रमांकावर ठेवली आणि पासवर्ड रोमन अक्षरांत असेल, तर लॉगिन स्क्रीनवर तो टाइप करता येत नाही, आणि ठिपक्यांच्या आड काय उमटते आहे हे दिसतही नाही. ‘लोकेलसीटीएल’ने किंवा डेबियनमध्ये इटीसी-डिफॉल्टमधल्या ‘कीबोर्ड’ फाइलीत रोमन रचना पहिली आणि देवनागरी दुसरी असा क्रम ठेवावा, आणि ग्रीटरच्या कोपऱ्यात चालू रचना दाखवणारे चिन्ह राहू द्यावे. मी थीम निवडताना हे चिन्ह आहे की नाही एवढे नक्की पाहतो. ते नसेल तर थीम कितीही देखणी असली तरी ती नको. दोन मॉनिटर असतील आणि पासवर्डची चौकट भलत्याच मॉनिटरवर येत असेल, तर लाइटडीएममध्ये ‘डिस्प्ले-सेटअप-स्क्रिप्ट’मध्ये आणि एक्सवर चालणाऱ्या एसडीडीएममध्ये ‘एक्ससेटअप’ या फाइलीत मॉनिटरांची मांडणी ठरवणाऱ्या ‘एक्सरँडआर’ या आज्ञेची एक ओळ पुरते. जीडीएमला आपल्या खात्यातल्या ‘मॉनिटर्स डॉट एक्सएमएल’ या फाइलीची प्रत द्यावी लागते.

पासवर्ड न विचारता थेट डेस्कटॉप उघडण्याची सोय तिन्ही प्रमुख डिस्प्ले मॅनेजरांत आहे, आणि तिच्याबद्दल लोक टोकाची मते मांडतात. माझ्या मते उत्तर डिस्कवर अवलंबून आहे. डिस्क सांकेतिक केलेली नसेल, तर लॉगिनचा पासवर्ड यंत्र हाती लागलेल्या चोरापासून फाइलींचे रक्षण करत नाही; पेन ड्राइव्हवरून बूट केले की सगळे वाचता येते. उलट लक्स या लिनक्सच्या सोयीने डिस्क सांकेतिक केली असेल आणि यंत्र एकच माणूस वापरत असेल, तर बूटच्या वेळी एक पासवर्ड देऊन झाल्यावर लगेच दुसरा मागण्यात फारसे हशील नाही. मात्र एक आडपरिणाम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. वायफायचे, मेलचे आणि ब्राउझरचे पासवर्ड ज्या नोम कीरिंगमध्ये किंवा केवॉलेटमध्ये (पासवर्ड साठवण्याच्या तिजोऱ्यांत) असतात त्यांचे कुलूप पॅमच्या मदतीने लॉगिनच्या पासवर्डनेच उघडते. तो दिलाच नाही तर कुलूप बंद राहते आणि डेस्कटॉप उघडताच कीरिंगची चौकट पासवर्ड मागू लागते. बोटाच्या ठशाने लॉगिन केल्यावरही हेच घडते, कारण ठसा पटला तरी कुलूप उघडायला लागणारी अक्षरे कोणालाच मिळालेली नसतात. अनेकांना हा दोष वाटतो. तो दोष नाही. पासवर्ड कोठेही साठवून न ठेवल्याचा तो सरळ परिणाम आहे.

अनेकांची ये-जा असलेल्या ठिकाणी यंत्र असेल तर वापरकर्त्यांची यादी लपवावी. यादी दिसली की खात्यांची नावे आयती मिळतात, आणि ती न देणेच बरे. खोट्या लॉगिन स्क्रीनचा धोका मात्र यादी लपवून टळत नाही: आधी बसून गेलेल्या माणसाने हुबेहूब तसा पडदा दाखवणारा साधा प्रोग्रॅम चालू ठेवला, तर आपण आपला पासवर्ड त्याच्या हवाली करू. विंडोज एनटीमध्ये १९९३ पासून लॉगिनआधी कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबायला लावत, त्यामागे हेच कारण होते, कारण तो संच सामान्य प्रोग्रॅमला पकडता येत नाही. लिनक्सच्या कर्नलमध्ये ऑल्ट-सिसआरक्यू-के हा संच आहे. तो चालू कन्सोलवरचे सगळे प्रोग्रॅम मारून टाकतो आणि त्यानंतर येणारा पडदा खरा असतो. अनेक डिस्ट्रोंमध्ये सिसआरक्यूच्या कळांवर मर्यादा घातलेली असते, त्यामुळे ही कळ हवी असल्यास कर्नलच्या सेटिंगमध्ये मुद्दाम मोकळी करावी लागते.

सर्वांत शेवटी थीम. एसडीडीएमची थीम क्यूएमएलमध्ये लिहिलेली असते, म्हणजे ती केवळ रंगसंगती नसून चालणारा कोड असतो. कोठूनही उतरवलेली थीम डोळे मिटून बसवणे म्हणजे अनोळखी कोड लॉगिनच्या जागी बसवणे होय. मार्च २०२४ मध्ये केडीईच्या थीमच्या भांडारातून घेतलेल्या एका ग्लोबल थीमने एका वापरकर्त्याच्या फाइली पुसून टाकल्या होत्या. ती लॉगिनची थीम नव्हती, आणि त्यामागे दुष्ट हेतूपेक्षा गचाळ स्क्रिप्ट असल्याचे पुढे आले, पण धडा घ्यायचा तो घ्यावा. म्हणून डिस्ट्रोच्या स्वतःच्या पॅकेजांतून मिळणारी थीम मी पुरेशी मानतो. बदल करायचेच असतील तर दर वेळी लॉगआउट करण्याची गरज नाही: एसडीडीएमच्या ग्रीटरला ‘टेस्ट-मोड’ हा पर्याय आणि थीमच्या फोल्डरचा मार्ग दिला की तोच पडदा एका खिडकीत उघडतो. लाइटडीएममध्येही अशी चाचणी घेता येते; त्यासाठी झेफिर हा एक्सच्या आत एक्स दाखवणारा प्रोग्रॅम बसवलेला असावा लागतो.

आणि एवढे करूनही बूटनंतर काळा पडदा समोर आला आणि कन्सोलवरही जाता येईना, तर यंत्र सुरू होताना दिसणाऱ्या ग्रब या बूट-प्रोग्रॅमच्या यादीत ‘ई’ दाबून ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी एक जागा सोडून ३ हा आकडा लिहावा आणि कंट्रोल-एक्स दाबावे. सिस्टमडी आजही त्या आकड्याचा जुना अर्थ मानते आणि त्या एका बूटपुरते यंत्र मजकुराच्या लॉगिनवर थांबते. तेथून ‘डिसेबल’ करणे, नोंदी वाचणे आणि पुन्हा ‘स्टार्ट’ करून पाहणे हा सगळा क्रम पहिल्यासारखाच.